गुडघ्याच्या वर एक वीत

फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी कोनमापक शाळेची नोकरी सोडताना तिच्याकडून परत करायचा राहून गेला होता. आता तो स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला लटकत होता. कुणी आलंगेलं विचारायचं, हे काय हो? सासूबाई सांगायच्या, "आमच्या सूनबाईंचं ताट आहे. अर्धंच आहे, म्हणून मला अर्धंच वाढते."

रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी तिचा नवरा त्या दारापाशी येऊन उभा राही. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. पलटणीत सोळा वर्षं त्याने पोरांना कवायत शिकवली होती. तिथे त्याला सगळे उस्ताद म्हणत. आता त्याची आईही रागावली की तेच म्हणायची, "या उस्ताद, गिळायला या."

"वाका," ती म्हणे.

तो वाके. ती कोनमापक त्याच्या कुशीला लावी, एक डोळा मिटून आकडा वाची आणि वहीत लिही. वही एकच होती. पुढच्या पानांवर आठ महिन्यांच्या मुलीचं दूध, झोप, ताप, शी, सगळं वेळेसकट. मागच्या पानांपासून उलट्या बाजूने नवऱ्याची पाठ. बाई मुळातच धास्तावलेली. गॅसचं बटण तीनदा बघणार, मूल जास्त वेळ झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास बघणार. काहीतरी लिहून ठेवलं की तेवढ्यापुरतं तिचं काळीज जागेवर येई. दोन्ही बाजूंनी भरत चाललेली ती वही एक दिवस मधोमध येऊन भिडणार होती.

चार वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्यावर ट्रक घळीत कलंडला होता. उस्तादच्या कमरेतल्या दोन मणक्यांमधल्या गाद्या सरकल्या. तिसऱ्या आठवड्यात हा गडी पुन्हा मैदानावर. आजारी म्हणून नाव नोंदवणं म्हणजे त्याच्या लेखी नाक कापून घेणं. 'कसं आहे?' असं साहेबाने विचारलं की 'ठीक, साहेब,' एवढंच उत्तर त्याला येत होतं. तेच 'ठीक' दर महिन्याला त्याच्या कागदांवर चढत गेलं आणि शेवटी उभं राहवेना तेव्हा त्याच कागदांनी त्याला वीस टक्के अपंग ठरवून घरी पाठवलं.

घरी येऊन काम मिळालं ते उभं राहायचंच. कापडाच्या गोदामाच्या फाटकावर पहारा, आठ तास. आधी तिथे एक खुर्ची होती म्हणे. नव्या मॅनेजरने ती उचलून नेली. खुर्ची दिली की पहारेकरी डुलक्या काढतो, हे त्याचं शास्त्र. रात्रपाळी नव्हती, तेवढंच नशीब. संध्याकाळी तो घरी येई तेव्हा ओठ पांढरे झालेले असत. बूट तीच काढी. मुलगी रांगत त्याच्या पायाशी येई, दोन्ही हात वर करून 'घे घे' करी, आणि तो भिंतीला टेकून म्हणे, "आईकडे जा, माझे आई, आईकडे जा." लेकीला जमिनीवरून त्याने आजवर एकदाही उचललं नव्हतं. कुणीतरी हातात द्यायची, तेव्हा कुठे तो घ्यायचा.

तिला फार मोठं काही नको होतं. एक खुर्ची हवी होती. माजी सैनिकांच्या नोंदणी कचेरीत बसून करायच्या जागा होत्या. कपाटं, फायली, एक टेबल, एक खुर्ची, तीही पाठीला टेकण असलेली. पण त्या यादीत नाव चढायला चाळीस टक्के लागत. यंदा तपासणी मंडळापुढे फेरतपासणी होती. मंडळाचा तक्ता तिला पाढ्यासारखा पाठ होता. पाठ पुढे वाकते ती तीस अंशांपर्यंत किंवा त्याहून कमी असेल, तर चाळीस टक्के. तीस ते साठ, तर वीस. साठच्या पुढे, तर दहा. आणि मोजायचं कुठपर्यंत? जिथे दुखायला लागतं, तिथपर्यंत.

वहीत कधी बारा होते, कधी सव्वीस, एखाद्या दिवशी चव्वेचाळीस. तीन महिन्यांची सरासरी तिने काढली होती. अठ्ठावीस. पण मंडळ सरासरी थोडीच बघणार होतं! त्यांच्यासमोर तो अर्धा तास उभा राहणार. नेमका त्या दिवशी चांगला दिवस उगवला तर? चांगल्या दिवसाचीच तिला धास्ती बसली. नवऱ्याची कंबर अमुक तारखेला भरपूर दुखू दे, असं देवाला हात जोडून मागणारी बायको जगात आपण एकटीच असू, असं तिला वाटे.

म्हणून तिने ठरवलं, शिकवायचं. गणिताची बाई होती ती. ढ पोरांनाही पास करून दाखवलं होतं.

"हे बघा, तीसच्या पुढे जायचं नाही. खोटं नाही हे. तुमचं खरंच एवढंच आहे, सरासरी."

"पण तीस म्हणजे मला काय कळणार?" उस्ताद म्हणाला. "शिपायाला अंश सांगून चालत नाही. खूण सांगावी लागते."

तिने कोनमापक लावून त्याला तीसवर थांबवलं आणि खाली बघितलं. मांडीवरून सरकत आलेली त्याची बोटं गुडघ्याच्या वाटीपासून बरोबर एक वीत वर होती.

"गुडघ्याच्या वर एक वीत," ती म्हणाली.

"बस्स. झालं मग." त्याचे डोळे कितीतरी दिवसांनी चमकले. कुणीतरी त्याला पुन्हा कामाला लावलं होतं.

चार दिवसांत तो न बघता तीसवर थांबायला लागला. आठवड्याने कोनमापक लावायची गरज उरली नाही. एक, खाली. दोन, वर. वहीत तीस, तीस, तीस अशी उभी ओळ उतरली आणि ती बघून तिला त्या महिन्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

अडलं ते बोलण्यावर.

"अहो, डॉक्टर विचारतील दुखतं का. काय म्हणायचं?"

"दुखतं, साहेब."

"असं नाही! हे 'हजर, साहेब' म्हटल्यासारखं झालं. जरा... दुखल्यासारखं म्हणा ना."

"दुखतं, साहेब!"

कोपऱ्यात बसून नातीला टोपडं घालणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या काय नादी लागतेस? सात वर्षांचा होता, बुटात विंचू चावला. मला येऊन म्हणतो, आई, बुटात काहीतरी आहे. काहीतरी! मी बघते तर पाय भोपळ्याएवढा."

"आई, ते जुनं झालं."

"जुनं कसलं? तूच तो. नवा कुठून आणू?"

तपासणीच्या दिवशी सकाळी तो खाटेच्या कडेला बसून राहिला. एक पायमोजा हातात, दुसरा जमिनीवर. ती दाराशी आली तेव्हा तो पायमोज्याकडे असा बघत होता, जसा काही तो नदीपलीकडे पडला आहे.

"जमत नाही?"

"जरा आखडलंय. होईल ठीक."

तिने खाली बसून पायमोजे चढवले, बुटांच्या नाड्या बांधल्या. पाय उचलताना त्याच्या दाढा वाजल्या ते तिने ऐकलं. आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे तिला हायसं वाटलं. वाईट दिवस! देवाने ऐकलं एकदाचं. आता काळजी नाही.

मग ती मुलीच्या मागे लागली. बाटल्या उकळलेल्या, औषधाची शिशी वरच्या फळीवर, दाराला अकरा सूचनांचा कागद. "अगं, मी चार वाढवलीत," सासूबाई म्हणाल्या. "त्यातला एक तर तू मोजमाप घेऊन पसंत केलास." या सगळ्या घाईत नवऱ्याला एक वाक्य सांगायचं राहून गेलं. राहून गेलं हेही तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

मंडळाच्या इमारतीत लांब बोळ होता. लोखंडी बाकं, भिंतीला कमरेच्या उंचीवर तेलकट पट्टा. टेकून टेकून उभे राहिलेल्या पाठींचा. आत बोलावलं तेव्हा नर्सने तिला पडद्याजवळच्या स्टुलावर बसू दिलं. डॉक्टर पिकल्या केसांचे, चष्मा कपाळावर, आवाज मऊ. माणूस वाईट नव्हता, हे ती पुढेही विसरू शकली नाही. वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"या. कसं आहे?"

ती स्टुलाच्या कडेवर सरकली.

"दुखतं, साहेब!" उस्ताद म्हणाला. खिडकीची काच थरथरावी असा आवाज. टाचा जुळलेल्या.

डॉक्टरांनी मान वर केली. "कधी जास्त दुखतं?"

"उभं राहिल्यावर तीव्र वेदना होतात, साहेब!" हे वाक्य तिचं होतं. 'तीव्र' हा शब्दही तिचाच. घरी तो तिला बरा वाटला होता.

"बरं. हळूहळू पुढे वाका. दुखायला लागलं की थांबा. मला खूश करायला पुढे जाऊ नका."

"होय, साहेब!"

दोन पट्ट्यांचं स्टीलचं माप घेऊन मदतनीस बाजूला उभा राहिला. उस्ताद वाकला. बोटं मांडीवरून खाली आली. गुडघ्याच्या वर एक वीत उरली आणि दार लागावं तसा तो थांबला. चेहऱ्यावर काही नाही. दगड बरा.

"तीस," मदतनीस म्हणाला.

"पुन्हा."

"तीस."

"पुन्हा एकदा. थोडं सावकाश."

"तीसच, साहेब."

स्टुलावर बसल्या बसल्या ती मनात म्हणत होती, शाबास. आणि तेवढ्यात तिला डॉक्टरांची नजर दिसली. ती नजर तिच्या ओळखीची होती. एका बाकावरच्या दोन पोरांच्या उत्तरपत्रिकांत तेच उत्तर, त्याच पायऱ्या, तीच खाडाखोड सापडली की ती स्वतः अशीच बघायची. रागाने नव्हे. थोडं वाईट वाटून.

"पलटणीत कवायत शिकवायचात का?"

"होय, साहेब! सोळा वर्षं!"

"दिसतंय," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी त्याला टेबलावर बसवलं, पाय खाली सोडायला लावले आणि बोलता बोलता एक पाय घोट्याला धरून सरळ वर उचलला. उस्ताद ताठ बसून राहिला. तिने फक्त टेबलाची कड धरलेली त्याची बोटं बघितली. नखं पांढरीफटक झाली होती. डॉक्टर दुसऱ्या बाजूला होते. त्यांना बोटं दिसत नव्हती. डॉक्टरांनी पाय खाली ठेवला आणि लिहायला घेतलं.

उठून सांगावं असं तिला वाटलं. साहेब, सकाळी पायमोजा घालता आला नाही हो यांना. वही पिशवीत होती. पण वही काढली असती तर मागच्या बाजूची तीस-तीसची ओळही निघाली असती. ती बसून राहिली.

बसमध्ये तो दांड्याला धरून उभा होता. बसच्या खोलगट सीटवर बसलं की उठवत नसे. परीक्षा देऊन आलेल्या पोरासारखं त्याने वाकता येईल तेवढं वाकून तिच्या कानाशी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं."

"तिन्ही वेळा तीस! एक अंश इकडचा तिकडे नाही. ऐकलंस ना?"

"ऐकलं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

सहा आठवड्यांनी कागद आला. उस्ताद कामावर होता. तिने उभ्यानेच वाचला. हालचाल सराव केल्यासारखी वाटते. मोजमाप ग्राह्य धरता येत नाही. बसून पाय सरळ केल्यावर खऱ्या दुखण्यात रुग्ण मागे रेलतो, तशी प्रतिक्रिया आढळली नाही. वेदनेची बाह्य लक्षणे नाहीत. अपंगत्व दहा टक्के. पुढील तपासणी तीन वर्षांनी. हरकत असल्यास नव्या मोजमापांसह साठ दिवसांत कळवावे.

मागे रेलतो. तिने ते दोनदा वाचलं. साहेबासमोर रेलेल का तो? मेला असता तरी ताठ बसला असता.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"दहा टक्के."

"आधी वीस होतं ना? म्हणजे बरा झाला तो?"

"कागदावर."

सासूबाई काहीतरी बोलायला गेल्या. त्यांना गंमत सुचली नाही. त्यांनी नातीला उगाचच उचलून खांद्यावर टाकलं आणि आतल्या खोलीत गेल्या.

संध्याकाळी त्याचे बूट काढताना तिने सांगितलं. त्याने बोटांवर काहीतरी मोजून बघितलं. मग म्हणाला, "पण तीस तर बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"मग?"

नाडीची गाठ सुटत नव्हती. ती नखाने टोकरत राहिली. "त्या दिवशी खरं कुठे दुखायला लागलं होतं?"

"कधी?"

"डॉक्टरांसमोर. वाकलात तेव्हा. खरं सांगा."

"खरं?" त्याने आठवून बघितलं. "हललो तेव्हाच. दहा-बाराला म्हण. सकाळपासूनच आखडली होती ना."

तिचे हात थांबले. "मग थांबला का नाहीत? तिथेच थांबायचं होतं! दहाला थांबला असतात तर..."

"तू तीस सांगितलं होतंस," तो म्हणाला.

तक्रार नव्हती त्यात. हुकूम मिळाला होता, तो पाळला होता, एवढंच सांगत होता. दहापासून तीसपर्यंतचे ते वीस अंश तो दात आवळून गेला होता, तिच्यासाठी, तीन वेळा. आणि ती स्टुलावर बसून शाबास म्हणत होती. पायमोजे चढवताना नुसतं एवढं म्हणाली असती, की अहो, आज तीस विसरा, दुखेल तिथे थांबा! बाटल्या उकळायला वेळ होता. अकरा सूचना लिहायला वेळ होता.

पुढचे दोन-तीन दिवस ती यंत्रासारखी कामं करत होती. चौथ्या दिवशी तिने वहीतली तीस-तीसची पानं टराटरा फाडली आणि कोनमापक खिळ्यावरून काढला. साठ दिवस होते अजून. नवी मोजमापं. यावेळी शिकवायचं काहीच नाही. जे आहे ते.

"उभे राहा. यावेळी काही लक्षात ठेवायचं नाही. वीत नाही, काही नाही. दुखेल तिथे थांबायचं, बस्स."

"बरं."

तो आठ तास उभा राहून आला होता. ओठ पांढरे होते. तो वाकला. तिने कोनमापक लावला.

तीस.

"अहो, नाही. पुन्हा. डोळे मिटा हवं तर."

त्याने डोळे मिटले. वाकला. कपाळावर घामाचा थेंब आला, नाकापर्यंत ओघळला. तीस.

"हात मागे बांधा."

हात मागे बांधून तो वाकला आणि थांबला. तीस. खिळ्याला अडकवल्यासारखा.

"दुखतंय ना आधीपासून? मग आधी थांबा ना!" तिचा आवाज चढला. आतून सासूबाईंनी "काय झालं?" म्हणून विचारलं.

"थांबतोय गं," तो म्हणाला. "पण कुठे ते आता कळत नाही. आधी कळायचं. आता इथे आलं की पाठ आपोआप थांबते. त्याच्या आत नुसतं दुखतच असतं, सारखंच. त्यातलं कुठलं धरू?"

तिने कोनमापक खाली घेतला. सोळा वर्षं जे काही शरीरात बसवायचं ते कायमचं बसवायचं, एवढंच तो शिकला आणि शिकवत आला होता. विसरायचं कसं, याची कवायत नसते. गणितालाही नसते. पाढे विसरायला तिने कधी कुणाला शिकवलं होतं?

आतल्या खोलीतून मुलगी रांगत आली. दाराचा उंबरा ओलांडून सरळ बापाच्या पायांशी. त्याच्या विजारीला धरून ती डळमळत उभी राहिली. अशी उभी राहायची ती पहिलीच वेळ. वहीत लिहायला हवं होतं. तिने मान वर करून बापाकडे बघितलं आणि दोन्ही हात वर केले.

"घे घे," ती म्हणाली.

"आईकडे जा" असं तो आज म्हणाला नाही. त्याने एकदा बायकोकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि तो वाकला. हात पुढे करून, बोटं पसरून वाकला. मुलीने टाचा उचलल्या.

तो थांबला.

मुलीच्या बोटांत आणि त्याच्या बोटांत जागा उरली. त्याचे हात तिथेच लटकत राहिले. मुलगी वर बघत राहिली, तोंड उघडं ठेवून, आत्ता उचलेल म्हणून. लाकडी कोनमापक तिच्या आईच्या हातात होता. तो लावायची तिला गरज नव्हती.